लाल बाटलीचं सील

माझे धाकटे दीर कशावरही पैज लावतात. लहानपणी ते आणि आमचे हे बादलीत तोंड घालून कोण जास्त वेळ श्वास रोखतो यावर भांडायचे म्हणे. आता दोघांची साठी आली, पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. या वेळची पैज होती, पोट कुणाचं लवकर साफ होतं याची.

मी म्हटलं, "भाऊजी, जनाची नाही तर मनाची तरी ठेवा."

"वहिनी, यात कसली लाज? राजा असो की रंक, बसावं सगळ्यांनाच लागतं."

दोनच दिवसांपूर्वी भाऊजींच्या आतड्याची तपासणी झाली होती. खालून दुर्बीण घालून बघतात ती. काही निघालं नव्हतं, आणि गडी असा फुलला होता, जसा काही अभ्यास करून पहिला नंबर काढला. आता आमच्या ह्यांची पाळी होती. म्हणून आदल्या दुपारी भाऊजी आमच्या स्वयंपाकघरात हजर. हातात पिशवी, पिशवीत सरबताच्या दोन बाटल्या, एक हिरवी, एक लाल. दुकानदाराने एकावर एक फुकट दिली होती.

"औषधाची चव मारायला," म्हणाले. "मास्तर, तुझं ते प्रकरण नुसतं पिऊन दाखव, मी तुला मानला."

ह्यांना सगळे मास्तरच म्हणतात, सख्खा भाऊसुद्धा. शिंप्याचं दुकान आहे आमचं. खाली दुकान, वर घर.

भाऊजींच्या दवाखान्याची पद्धत वेगळी होती. त्यांना दोन छोटी पाकिटं दिली होती. एक पेलाभर पाण्यात ढवळायचं, संत्र्यासारखं लागतं, प्यायचं, आणि वर नुसतं साधं पाणी ढोसत राहायचं. ह्यांच्या दवाखान्याने दिले होते दोन प्लास्टिकचे कॅन. त्यांत पावडर, खुणेपर्यंत पाणी भरायचं, एक संध्याकाळी संपवायचा, एक पहाटे. मी एक घोट चाखून बघितला. साबणाच्या पाण्यात मीठ घातलंय असं लागत होतं.

"हे म्हशीला पाजायचं औषध आहे," भाऊजी म्हणाले. "माझी पद्धत बघ. दोन पेले, सहा फेऱ्या, आणि खाली स्वच्छ लिंबूपाणी! नर्ससुद्धा म्हणाली, काका, तुमचं आतडं आरशासारखं आहे."

"तुझी किडनी चांगली आहे," हे म्हणाले. "मला डॉक्टरांनी हेच घ्यायला सांगितलंय."

"किडनीचं कारण सांगू नकोस. पैज म्हणजे पैज."

हे हसले, पण दमल्यासारखे. तोवर घरात गमतीचा सूर होता. पण एक गोष्ट मी सकाळपासून विसरत नव्हते, आणि भाऊजीही विसरले नव्हते, कितीही बडबड केली तरी. तिघा भावांतले थोरले गेल्या वर्षी आतड्याच्या कॅन्सरने गेले. त्यांच्यावर कसलीच पद्धत वापरायची वेळ आली नाही. पोट फुगलं, नेलं, तसंच फाडलं आणि शिवून परत दिलं. तेव्हाच डॉक्टर म्हणाले होते, हे घराण्यात असतं, उरलेल्या दोघांनी तपासून घ्या. वर्षभर दोघांचंही "बघू, बघू" चाललं. मग ह्यांना जिना चढताना धाप लागायला लागली, तेव्हा मी हाताला धरून नेलं. ओढत नेलं म्हटलं तरी चालेल.

डॉक्टरीणबाई तरुण, पण बोलायला रोखठोक. रिपोर्ट बघून म्हणाल्या, रक्त बरंच कमी आहे. आणि सरळ विचारलं, "संडासातून रक्त जातं का?"

"नाही," हे म्हणाले. "कधीच नाही."

मी शेजारी बसले होते. मी ह्यांना पस्तीस वर्षं ओळखते. खोटं बोलताना ह्यांचा डावा कान लाल होतो. तो झाला नव्हता, म्हणून मी निर्धास्त बसले.

आता इथे एक सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कुणाला कळणार नाही. पस्तीस वर्षं मी ते कुणालाही सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांना लाल आणि हिरवा ओळखू येत नाही. तपकिरीही त्याच गोंधळात. जन्मापासून. लग्न झालं त्या वर्षी ह्यांनी एका गिऱ्हाइकाच्या हिरव्या कोटाला आतून लालभडक दोऱ्याने टीप मारली आणि मला कौतुकाने दाखवायला आणली. मी म्हटलं, अहो, ही काय फॅशन? तेव्हा ह्यांचा चेहरा असा झाला, की पुढे मी प्रश्नच विचारला नाही. बसून सगळी टीप उसवली, हिरवा दोरा ओवून दिला. शिंपी आणि रंग कळत नाही! धंदा बसला असता. झाकली मूठ सव्वा लाखाची.

तेव्हापासून दुकानात दोरा माझ्याच हातून जातो. कापड हे कापतात, बेतताना ह्यांच्यासारखा हात नाही, पण रीळ मी देते, अस्तर मी काढते, बटणं मी जुळवते. लोकांना काय दिसतं? मास्तर बायकोला विचारल्याशिवाय सुईत दोरा ओवत नाही. ताटाखालचं मांजर. आणि मी कजाग. गिऱ्हाईक ह्यांना विचारतं, मरून घेऊ की बॉटलग्रीन, तर मी मध्ये तोंड घालून म्हणते, ह्यांना काय विचारता, माझ्याशी बोला. मुद्दाम फटकून बोलते, म्हणजे पुन्हा कुणी ह्यांना विचारत नाही. सवयीने तो स्वभावच झाला आता. होऊ दे. मला काही कुणाकडून हार घालून घ्यायचे नव्हते.

घरातही आम्ही कुणी रंगाने काही मागत नाही. डावीकडचा शर्ट. वरच्या फळीवरचा डबा. दाराजवळची छत्री. फळं मी चिरूनच पुढे ठेवते, कच्चं-पिकलं ह्यांना बघावं लागू नये म्हणून. घरात असा एक कोपरा नव्हता जिथे ह्यांच्या डोळ्यांऐवजी माझे डोळे नव्हते. निदान मला तसं वाटायचं.

हे भाऊजींना माहीत नव्हतं. थोरल्यांनाही नव्हतं. म्हणून तर त्या दुपारी मी सरबताच्या बाटल्या ताब्यात घेतल्या तेव्हा भाऊजी खो खो हसले.

"लाल चालणार नाही," मी म्हटलं. "कागदावर लिहिलंय, लाल-जांभळं काही प्यायचं नाही, आत रक्तासारखं दिसतं." हिरवी बाटली मी उघडली, कॅनमध्ये थोडं सरबत ओतलं, बाटली ओट्यावर डावीकडे ठेवली. लाल तशीच बंद, उजवीकडे सरकवली. "अहो, पुढचा कॅन भरताना डावीकडची घ्या."

"काय वहिनी!" भाऊजी म्हणाले. "दोरा तुम्ही देणार, सरबत तुम्ही देणार. आता संडासातही तुम्हीच जाणार का त्याच्याबरोबर?"

हेही हसले. मी लाटणं उगारलं. भाऊजी पिशवी उचलून पळाले, जाताना ओट्यावरचा त्यांचा चष्मा, किल्ल्या, काय काय गोळा करत.

संध्याकाळ पडली तसं ह्यांचं सुरू झालं. पेला भरायचा, नाक दाबायचं, संपवायचा, घड्याळ बघायचं, पुन्हा पेला. पहिले पेले बरे गेले. मग पोट ढोलासारखं झालं, अंगावर काटा यायला लागला. मी शाल दिली. मग पहिली धाव. मग दुसरी. मग तर बाहेर येऊन टेकतात न टेकतात तोच पुन्हा आत. दाराची कडी लागायची, पाणी सुटायचं, कडी निघायची. मला मेलीला हसूही येत होतं. एवढा धिप्पाड माणूस शाल गुंडाळून पोराटोरांसारखा पळतोय.

मध्येच मला खाली दुकानात जावं लागलं. एक गिऱ्हाईक कोटाच्या ट्रायलला आलं होतं, सकाळी त्याला प्रवासाला निघायचं होतं. बाही थोडी लांब होती. मी टाचण्या लावल्या, खुणा केल्या, वर यायला वेळ लागला. तोवर ह्यांनी पहाटेसाठीचा कॅन स्वतःच भरून ठेवला होता, वर त्यातले दोन पेले पिऊनही टाकले होते. पहाटेपर्यंत वाट बघायला माणसाला धीर कुठला? भाऊजींचे फोनवर फोन येत होते ना. "किती फेऱ्या? लिंबूपाणी झालं का? मला सहाव्याला झालं होतं!"

मी आले तेव्हा हे संडासाच्या दारात उभे होते. हातात दवाखान्याचा कागद. त्या कागदावर ओळीने चार वाट्यांची चित्रं होती. पहिली गडद तपकिरी, मग फिकट, मग गढूळ पिवळी, मग स्वच्छ पिवळी. चौथ्या वाटीसारखं झालं की पोट साफ.

"अगं," हे म्हणाले. आवाज एकदम लहान. "माझं अजून चहासारखंच येतंय. इतकं पिऊनसुद्धा. त्याचं सहाव्याला झालं, माझं होतच नाहीये."

"होईल हो. एकेकाचं पोट."

"तसं नाही." कागद माझ्यापुढे धरला. "मला ह्या वाट्याच कळत नाहीयेत. कुठली कुठली. तू जरा... बघतेस का?"

आमच्या लग्नाला पस्तीस वर्षं झाली. आजारपणं काढली, एकमेकांच्या उलट्या पुसल्या, सासूबाईंचं अंथरुणातलं सगळं मी केलं. पण संडासात हे असताना मी कधी पाऊल टाकलं नव्हतं. ह्यांना संकोच फार. त्या दाराला कडी लागली की ती ह्यांची खोली. मी म्हटलं, "सरका," आणि आत गेले.

पांढरं भांडं. त्यात लाल पाणी.

गुलाबी नाही, विटकरी नाही, लाल. तळाशी दाट, आणि कडेला एक-दोन गुठळ्या. रंगाच्या बाबतीत माझी चूक होत नाही. आयुष्यभर दुसरं केलंय काय?

"पिवळं आहे का?" मागून हे.

माझ्या तोंडून पहिल्यांदा काय निघावं? "सरबत कुठलं घातलंत?"

"तू सांगितलंस ते."

मी धावत स्वयंपाकघरात गेले. आणि ओट्यावर बघते तर लाल बाटली डावीकडे! भाऊजींनी जाताना आपलं सामान गोळा करताना बाटल्या इकडच्या तिकडे केल्या होत्या. मला इतका आनंद झाला, की काय सांगू! ओटा धरून उभी राहिले. लाल सरबत प्यायलेत! बावळटासारखे लाल सरबत प्यायलेत आणि तेच खाली आलंय! ज्या चुकीच्या धास्तीने मी पस्तीस वर्षं डोळ्यांत तेल घालून बसले, ती चूक ह्यांनी आज केलेली असावी, एवढी एकदाच केलेली असावी, असं मी त्या बाटलीकडे बघून मागत होते.

मी बाटली उचलली. भरलेली होती. झाकण फिरवून बघितलं तर फिरेना. झाकणाखालची कडी जशीच्या तशी, एक दातसुद्धा तुटलेला नाही. सील शाबूत. हिरवी बाटली उजवीकडे होती, निम्मी रिकामी.

हे मागे येऊन उभे राहिले होते. "डावीकडची उघडलेलीच नव्हती," म्हणाले. "तू उघडली होतीस ती दुसरी होती. म्हणून तीच घेतली. चुकलं का काही?"

"नाही," मी म्हटलं. "बरोबर घेतलीत."

चुकले नव्हतेच. आयुष्यात नको तेव्हा अक्कल चालवली माणसाने.

मी ह्यांना खुर्चीत बसवलं. समोर बसले. "खरं सांगा. हे चहासारखं, हे आज पहिल्यांदाच दिसतंय?"

"छे. नेहमीच असतं थोडंफार. मला वाटलं वय झालं, पचत नाही."

"कधीपासून?"

आठवायला लागले. बोटं शालीच्या काठाला चाचपत होती, कापडाचा पोत बघतात तशी. "उन्हाळ्याचे गणवेश शिवत होतो ना आपण, त्याच्याही आधीपासून."

म्हणजे वर्ष होत आलं होतं. "अहो, ते रक्त आहे."

हे उठले, संडासात गेले, भांड्यात वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. परत येऊन म्हणाले, "मला नाही दिसत गं."

त्या क्षणी मला इतका राग आला! ह्यांचा नाही, देवाचा नाही, त्या बंद दाराचा. घरातला दोरा न् दोरा मी बघितला, लोकांची अस्तरं बघितली, बटणाच्या छटांवरून गिऱ्हाइकांशी भांडले. आणि ह्यांच्या अंगातून रोज सकाळी रक्त चाललंय ते दोन हातांवर, एका फळकुटाच्या पलीकडे, मला दिसू नये?

दवाखान्याच्या नंबरावर फोन केला. तिथल्या नर्सने चक्कर येते का, घाम येतोय का, विचारलं. तसं असेल तर आत्ता आणा, नाहीतर औषध पुरं करा आणि सकाळी आल्या आल्या सांगा, म्हणाली. ह्यांनी सगळं पुरं केलं. पहाटेचं उरलेलंसुद्धा, एक थेंब न सांडता. दर वेळी मला हाक मारत होते आणि मी जाऊन बघत होते. शेवटी शेवटी पिवळं आलं, त्यात लाल दोरे. मी म्हटलं, "झालं साफ."

सकाळी ह्यांची पँट बदलायला काढली तेव्हा कमरेची शिवण दिसली. आत घेतलेली होती, एकदा नाही, दोनदा, आणि वरून इस्त्री मारलेली. मशीनवर बसून गुपचूप स्वतःची पँट आवळत होते माझे मालक. त्याला मात्र रंग लागत नाही ना, त्यामुळे माझ्याकडे यायची गरज पडली नाही.

भाऊजी गाडी घेऊन आले. "काय मास्तर, कितव्या फेरीला?" म्हणून सुरुवात केली, आणि माझं तोंड बघून नुसतं गाडीचं दार उघडलं.

दवाखान्यात ह्यांना मागून उघडा असलेला झगा घातला. ह्यांनी त्याची नाडी बघितली, म्हणाले, शिवण कच्ची आहे. मग आत नेलं. मी आणि भाऊजी बाकावर. भाऊजी म्हणाले, "काही नसेल वहिनी. मूळव्याध असेल. माझी पद्धत घेतली असती तर आतडं एवढं खवळलंच नसतं." बोलायला एवढा तोंडाळ माणूस, पण त्यांचा पाय सारखा हलत होता.

डॉक्टरीणबाईंनी आम्हाला आत बोलावलं तेव्हा हे पलंगावर अर्धवट गुंगीत होते. डाव्या बाजूला गाठ होती. मोठी. दुर्बीण तिच्या पुढे जाईना इतकी वाट अडलेली. तुकडा तपासायला काढला आहे, म्हणाल्या, पण बघूनच काय ते कळतंय. पोटाचं स्कॅन लगेच करू, ऑपरेशन करावं लागेल.

मग त्या ह्यांच्याकडे बघून थोडं चिडूनच म्हणाल्या, "मी त्या दिवशी स्पष्ट विचारलं होतं, रक्त जातं का. तुम्ही नाही म्हणालात. एवढी गाठ कित्येक महिने वाहत असणार. कुणालाही दिसलं असतं."

भाऊजी ह्यांच्याकडे बघायला लागले, नर्स बघायला लागली. आणि माझं तोंड उघडलं. सवयच ती. गिऱ्हाइकाने रंग विचारला की उघडतं तसं.

"मला सांगितलं होतं ह्यांनी," मी म्हटलं. "मीच म्हटलं मूळव्याध आहे, डॉक्टरांना नाही म्हणून सांगा."

भाऊजी उभे राहिले. आयुष्यात कधी मला अगं-तुगं केलं नाही त्या माणसाने, त्या दिवशी केलं. "वहिनी, थोरला डोळ्यांदेखत गेला, आणि तू... दोऱ्यापासून मरणापर्यंत सगळं तुझ्याच मुठीत हवं होतं का तुला?"

मी खाली बघत राहिले. बोलू दे, म्हटलं. पस्तीस वर्षं कजाग होते, आणखी एक दिवस.

"ती खोटं बोलतेय," पलंगावरून आवाज आला. गुंगीमुळे शब्द जड पडत होते. "तिला काही माहीत नव्हतं. मला लाल दिसत नाही. लहानपणापासून दिसत नाही. दोरा ती देते ते त्याच्यासाठी."

भाऊजींना समजेना. मग असल्या वेळी सगळे करतात तेच त्यांनी केलं. टेबलावरची एक फाइल उचलून ह्यांच्यासमोर धरली. "मग ही कसली आहे?"

ह्यांनी डोळे बारीक केले. खूप प्रयत्न केला, मला दिसत होता. "हिरवी?" म्हणाले.

फाइल लाल होती. भाऊजींनी ती हळूच टेबलावर ठेवली, पालथी. मग ते खाली बसले आणि दोन्ही हातांत तोंड घालून रडायला लागले, मोठ्याने, लहान पोरासारखे. डॉक्टरीणबाई बाहेर गेल्या.

स्कॅनमध्ये यकृतावर दोन ठिपके दिसले. वर्षभर आधी आला असतात तर, असं तिथे प्रत्येकजण म्हणाला आणि वाक्य तिथेच सोडलं. ऑपरेशन झालं. गाठ काढली, पण आतडं लगेच जोडता येईना, म्हणून त्याचं तोंड पोटावर काढून पिशवी लावली. आता सलाइनमधून औषध चालू आहे. डॉक्टर वर्षांत बोलत नाहीत, पुढच्या स्कॅनपर्यंत बघू म्हणतात. ह्यांनाही ठाऊक आहे.

दुकान चालू आहे. हे बसून काज करतात. भाऊजी आता रोज येतात, रिळांची फळी आवरून देतात. पैज लावत नाहीत. एकदा ती लाल बाटली दिसली त्यांना, फेकून देतो म्हणाले. मी नको म्हटलं. का ते मलाही सांगता येत नाही. सील तसंच आहे.

दवाखान्यातून सोडताना नर्सने पिशवी बदलायला शिकवली. पोटावरचं ते तोंड रोज बघायचं, म्हणाली. ओठाच्या आतल्या बाजूसारखं लाल आणि ओलं दिसलं की सगळं ठीक. तपकिरी, काळपट वाटलं तर एक मिनिट थांबायचं नाही. ती ह्यांच्याकडे बघून सांगत होती. ह्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. भाऊजींनीही माझ्याकडे बघितलं.

तेव्हापासून रोज सकाळी हे खिडकीशी उभे राहतात, शर्ट वर धरतात. मी चष्मा लावून वाकते.

"काय म्हणतोय रंग?"

"लाल आहे."

"नक्की?"

"नक्की. चांगला लाल."

परवा मात्र ह्यांनी स्वतःच खाली वाकून बघितलं. म्हणाले, "मला अजून तसंच दिसतंय गं."

"कसं?"

"चहासारखं. तेव्हा दिसायचं तसंच."

मला त्या सगळ्या सकाळी आठवल्या. दाराच्या पलीकडे हे, आणि अलीकडे मी, गाळणीने चहा गाळत, ओरडत, की अहो, आटपा लवकर, गार होतोय. मी हात ह्यांच्या पोटावर टेकवला.

"तुम्ही नका बघू," मी म्हटलं. "ते माझं काम आहे." शर्ट खाली केला, बटणं लावून दिली आणि दुकान उघडायला खाली गेले.